हजार शाखा बुडाल्या आणि आमच्या धाकट्याला चेन काढायचीय

अमेरिकेत हॉवर्ड जॉन्सन्स नावाची खाण्याच्या हॉटेलांची चेन होती. साधीसुधी नव्हे, १९७० च्या दशकात हजारावर हॉटेलं, छपरं नारिंगी, हायवेवरून लांबूनच दिसावीत म्हणून. आज एक नाही. शेवटचं न्यूयॉर्क राज्यात लेक जॉर्ज म्हणून गाव आहे तिथलं, ते २०२२ मध्ये बंद झालं. आता गोव्यात फोंड्याला बसून भाजी-पाव विकणाऱ्या माणसाला हे सगळं वाचायची काय गरज पडली, तर गरज अशी पडली की आमच्या काकाचा मुलगा पुण्याहून एमबीए करून आलाय आणि त्याला आमच्या हॉटेलाची चेन काढायचीय.

चेन म्हणजे अगदी रीतसर. लॅपटॉपवर एक्सेल शीट, त्यात पणजी, म्हापसा, मडगाव, मग मोपा एअरपोर्टचा रस्ता, प्रत्येक शाखेपुढे रोजच्या प्लेटी किती आणि महिन्याला सुटतील किती. सेंट्रल किचन कुठे घालायचं तेही ठरवून झालेलं. त्याला घरात सगळे धाकटा म्हणतात, तो मला दादा म्हणतो, आणि रात्री शटर अर्धं ओढलं की गल्ल्यापाशी आमची हीच चर्चा. त्याचा प्रश्न तसा सरळ आहे. "दादा, जी भाजी फोंड्यात चालते ती म्हापशात का नाही चालणार? म्हापशेकारांना काय जीभ नाही?"

जीभ आहे रे बाबा, भाजीचंच जरा कठीण आहे.

बाहेरचे वाचक असतील त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमचं हॉटेल म्हणजे चहा-भाजीचं, आजोबांनी घातलेलं, मग बाबा, आता मी. मंगेशी-शांतादुर्गा करून येणारे मुंबई-कोल्हापूरचे लोक बसतात आणि पावभाजी मागतात, मग ताटलीत लालभडक तव्यावरची भाजी आणि बटर न दिसल्यावर तोंड पाडतात, आमचा पोरगा त्यांना रोज समजावतो की इथे भाजी-पाव मिळतो, पावभाजी नाही. बटाट्याची पातळ भाजी, सुकी भाजी, दोन्ही एकात घालून मिक्स, टोमॅटोची भाजी, अळसांद्यांचं नाहीतर वाटाण्यांचं तोणाक (भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाची उसळ), मिरची, बन, रविवारी शिरा. झालं आमचं मेनूकार्ड. गोव्यात अशी हॉटेलं गावोगाव आहेत, पणजीचं टाटो तर १९१३ चं म्हणून मिरवतं आणि मिरवावंच, मडगावच्या बॉम्बे कॅफेतही सकाळी उभं राहायला जागा मिळत नाही. फास्ट फूड म्हणाल तर याच्याहून फास्ट मला दाखवा, माणूस बसला की मिनिटभरात ताटली पुढे, दहा मिनिटांत खाऊन चहा पिऊन कदंबा बस पकडायला मोकळा.

पण ते मिनिट मिळवायला पहाटे चारला उठावं लागतं. साडेपाचला पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, येतो, पाव आणि उंडे टाकून जातो, परत दुपारी तीन-साडेतीनला दुसरी भट्टी. मधल्या वेळात सकाळचा पाव चिवट होत जातो, ते कोणी कितीही नाही म्हणो. नारळ खवणं, मसाला भाजणं, वाटण, हे आदल्या दिवशी करून ठेवता येत नाही. ठेवलं तर फ्रीजमध्ये ठेवता येतं, पण भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाचं तोणाक दुसऱ्यांदा गरम केलं की तेल वेगळं, पाणी वेगळं आणि वर एक कुबट वास, आणि बाहेर ठेवलं तर मे महिन्यात दुपारपर्यंतच आंबतं. म्हणून आमच्याकडे तोणाक दहा-साडेदहाला संपतं. संपतं म्हणजे तेवढंच केलेलं असतं. "सोंपलें रे," म्हणून पोरगा आतून ओरडतो, अकरा वाजता आलेलं गिऱ्हाईक कुरकुरतं, कोर्टातले एक क्लार्क तर मला तोंडावर म्हणाले की तुम्हाला धंदाच करायचा नाही. दुसऱ्या दिवशी साहेब नऊला हजर.

धाकट्याच्या शीटमध्ये नेमकं हेच बसत नाही. त्याच्या मते अकरा ते एकचं गिऱ्हाईक आपण फुकट घालवतो. प्रत्येक शाखेत प्रत्येक पदार्थ सकाळी सात ते रात्री नऊ मिळालाच पाहिजे, नाहीतर तो ब्रँड कसला. बरोबर आहे त्याचं, चेनला संपलं म्हणता येत नाही. फलकावर नाव छापलं की ते पाचही गावांत, दिवसभर, एकाच चवीचं असलं पाहिजे, आणि तसं असायचं तर एकच किचन, मोठी टोपं, डबे, टेम्पो, डीप फ्रीजर.

त्याने मला गोली वडापावचं उदाहरण दिलं. २००४ साली कल्याणला सुरू झालं, वडे कारखान्यात बनतात, फ्रोझन करून देशभर जातात, दुकानात फक्त तळायचे. हुशार काम आहे, मी नाकारत नाही. पण वडा तळायचा असतो म्हणून ते जमतं, उकळत्या तेलात पडला की कालचा-आजचा फरक बराचसा बुजतो. पातळ भाजीला असली सोय नाही. तर मी म्हटलं थांब, मोठमोठ्या चेन कशा वर गेल्या आणि कशा खाली आल्या ते एकदा बघूया, आणि तिथून मी या हॉवर्ड जॉन्सनमध्ये अडकलो, इतका की बायको म्हणायला लागली त्यालाच भागीदार करून घ्या.

तर हा जॉन्सन. १९२५ मध्ये बॉस्टनजवळ क्विन्सी म्हणून शहर आहे तिथे त्याने २,००० डॉलर उसने घेऊन कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान घेतलं. त्या काळी तिकडे औषधांच्या दुकानातच सोडा आणि आइस्क्रीमचा काउंटर असायचा. याच्या लक्षात आलं की औषधांपेक्षा गर्दी आइस्क्रीमला आहे, मग त्याने आइस्क्रीममध्ये मलई वाढवली, इतरांपेक्षा बरीच जास्त, आणि पुढे फ्लेवर करत करत २८ वर गेला. उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यावर स्टॉल टाकले. थोडक्यात एक वस्तू नीट केली. इथपर्यंत तो मला आमच्या आजोबांसारखाच वाटला, फक्त आजोबांना मलई परवडली नसती.

नाटकाचा किस्सा मात्र फोंडेकरांनी वाचावाच. १९२९ मध्ये बॉस्टनच्या महापौराने एका नाटकावर बंदी घातली, मग ते नाटक क्विन्सीला हललं. नाटक पाच तासांचं, मध्ये जेवणाची सुट्टी. आणि थिएटरच्या जवळच जॉन्सनचं नवीन हॉटेल! बॉस्टनची सगळी बडी मंडळी सुट्टीत तिथे जेवायला, नाव आपोआप झालं. आमच्याकडे हे कोणाला समजावायला नको, जत्रेचं नाटक रात्रभर चालतं आणि मधल्या अंकाला चहाच्या टेबलापाशी किती झुंबड उडते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आजोबा कार्तिक-मार्गशीर्षात जत्रांना टेबल लावायचे आणि म्हणायचे की नाटक जेवढं रटाळ तेवढा आपला धंदा चांगला.

पुढे मंदी आली, त्याच्याकडे पैसा नाही, बँका दारात उभं करत नाहीत. तर १९३५ मध्ये त्याने केप कॉडला ऑर्लिन्स गावात वेगळीच युक्ती केली. हॉटेल दुसऱ्याने स्वतःच्या पैशांनी बांधायचं, नाव आणि पद्धत जॉन्सनची, माल जॉन्सनकडून घ्यायचा. आज ज्याला फ्रँचायझी म्हणतात त्याची हॉटेल धंद्यातली ही अगदी सुरुवातीची उदाहरणं. मग टोल हायवे आले, १९४० चा पेनसिल्व्हेनियाचा वगैरे, त्यावर खाण्याची सोय करायचं कंत्राट यालाच. गाडी टोल रस्त्यावर चढली की भूक लागल्यावर दुसरीकडे जायला वावच नाही. मध्ये महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेलं, लोकांचं फिरणं थांबलं, तेव्हा १९४४ पर्यंत जेमतेम १२ हॉटेलं उरली होती. तिथून १९५४ पर्यंत ३२ राज्यांत ४००. हे वाचून धाकटा खुर्चीतून उठलाच. "बघ दादा, बारावरून चारशे!" मी म्हटलं बस खाली, अजून गोष्ट संपली नाही.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. १९६० च्या सुमारास जॉन्सनने दोन फ्रेंच शेफ आणले, पिएर फ्रानी आणि झाक पेपँ. पेपँ तर फ्रान्समध्ये देगॉलसाठी स्वयंपाक करून आलेला, त्याला केनेडींच्या व्हाइट हाउसमध्ये काम करायची ऑफर होती, ती सोडून तो या हायवेवरच्या हॉटेलवाल्याकडे गेला. आणि केलं काय, तर सेंट्रल किचनमध्ये मार्गारीनच्या जागी लोणी आणलं, सुकवलेल्या कांद्याच्या जागी ताजा कांदा आणला. एकेका वेळी हजारो पौंडांचं रांधप, सगळं फ्रीज करून शेकडो हॉटेलांना जायचं, आणि तरी चांगलं असायचं. कारण म्हातारा स्वतः खायचा. म्हातारा जॉन्सन गाडी काढून कुठल्याही शाखेत न सांगता जाऊन धडकायचा आणि सगळं तपासायचा.

म्हणजे माझी नारळाची तक्रार इथे लंगडी पडते, हे धाकट्याने लगेच पकडलं. सेंट्रल किचन होतं, फ्रीजर होता, हजार शाखा होत्या, आणि चव होती. कबूल. नुसत्या फ्रीजरने कोणी बुडत नाही.

बुडाले ते असे. १९५९ मध्ये मुलगा कारभार बघायला लागला, दोन वर्षांत कंपनी शेअर बाजारात गेली. मुलगा काही वाईट नव्हता, त्याच्याच काळात चेन हजारावर गेली. पण त्याचा जीव खर्च कमी करण्यात. लोणी कमी, माणसं कमी, वेटर कमी, आणि प्रत्येक कपात कागदावर बरोबरच असणार, कारण एका प्लेटीमागे चार पैसे वाचले तर हजार हॉटेलांत केवढे होतात ते कोणीही गुणून बघावं. म्हातारा १९७२ ला गेला. त्यानंतर वर्षा-दीड वर्षात तेलसंकट, पेट्रोल पंपांवर रांगा, आणि यांचं बहुतेक सगळं गिऱ्हाईक गाडीवाल्यांचं. दुसरीकडे मॅकडॉनल्ड्ससारखे लोक वेटरशिवाय, टेबलावर न वाढता, स्वस्तात आणि झटपट देत होते. १९७९ मध्ये ब्रिटनच्या इम्पीरियल ग्रुपने ही अख्खी चेन ६३ कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. इम्पीरियल म्हणजे मुळात सिगारेट-तंबाखूवाले. त्यांना झेपलं नाही, १९८५ मध्ये मॅरियटला अर्ध्या किमतीत दिलं, आणि मॅरियटला हवी होती रस्त्यालगतची जागा. हॉटेलं पाडली, नावं बदलली. ज्यांनी स्वतःच्या पैशांनी फ्रँचायझी घेतल्या होत्या ते बिचारे पुढे तीस-पस्तीस वर्षं आपापलं एकेक दुकान ओढत राहिले, आणि लेक जॉर्जचं गेल्यावर विषय संपला.

मी यातून काय घेतलं ते धाकट्याला सांगितलं, तुम्हालाही सांगतो. जोपर्यंत खाऊन बघणारा आणि पैसे ठरवणारा एकच माणूस होता तोपर्यंत हजार शाखाही चालल्या. ज्या दिवशी खाणारा वेगळा आणि कापणारा वेगळा झाला त्या दिवसापासून घसरण सुरू, फक्त ती कळायला पंधरा-वीस वर्षं गेली कारण छपरं तशीच नारिंगी होती.

धाकट्याचं म्हणणं, हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडे वेगळं. बरं, आपल्याकडचं घे. दिल्लीचं निरुलाज घे. १९३४ मध्ये कॅनॉट प्लेसला हॉटेल काढलेलं कुटुंब, १९७७ मध्ये त्यांनी बर्गर-पिझ्झाचं फास्ट फूड सुरू केलं, मॅकडॉनल्ड्स भारतात आलं १९९६ ला, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं आधी. परीक्षेत चांगले मार्क पडले की प्रगतिपुस्तक दाखवून पोरांना आइस्क्रीम फुकट, दिल्लीत वाढलेल्या कोणालाही विचारा, डोळे चमकतात. २००६ मध्ये कुटुंबाने ते मलेशियाच्या एका गुंतवणूक कंपनीला विकलं. त्यानंतर नाव शिल्लक आहे, दुकानं इकडेतिकडे आहेत, पण पूर्वीचं निरुलाज राहिलं नाही, असं दिल्लीकडचे आमचे नेहमीचे पर्यटक दर डिसेंबरला येऊन हळहळतात. प्रगतिपुस्तकावर आइस्क्रीम द्यायची कल्पना कुठल्या एक्सेलमध्ये सुचत नाही हो, ती गल्ल्यावर बसलेल्या माणसालाच सुचते.

आणि अगदी आपल्या गोव्यातलं म्हणशील तर तेही आहे. नाव घेत नाही, माणसं ओळखीची आहेत. एक हॉटेल चांगलं चाललेलं, भाजीला रांग, मुलांनी हौसेने चार ठिकाणी शाखा केल्या, सारख्या रंगाच्या खुर्च्या, सारखे टी-शर्ट, भिंतीवर आजोबांचा फोटो मोठा करून. एका इंडस्ट्रियल इस्टेटीत किचन घातलं. पहाटे डबे भरून टेम्पो निघायचा तो मडगावच्या बाजूला जाताना बोरीच्या पुलावर अडकायचा, ज्यांना बोरीचा पूल माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको, आठची भाजी नऊला पोचायची तोवर शाळेचं आणि ऑफिसचं गिऱ्हाईक शेजारच्या गाड्यावर खाऊन गेलेलं. भाजी आंबू नये म्हणून खोबरं कमी केलं, मग दाट दिसायला बटाटा कुस्करून घातला. एका पोदेराला चार शाखांचा पाव देणं जमेना, मग फॅक्टरीचा बन आला, गोड, मऊ, दोन दिवस टिकणारा. इथे मी जेवढं वाईट बोलीन तेवढं थोडं आहे. पातळ भाजीत तो बन बुडवला की लगदा होतो, पोदेराच्या पावाची कड भाजी धरून ठेवते, तुटत नाही. मग म्हणे लोकांना आता आवडत नाही भाजी-पाव, नवीन पिढीला मोमो पाहिजेत. अरे, नवीन पिढी आमच्याकडे येऊन बसते की, इंजिनियरिंग कॉलेजची पोरं सकाळी मिक्स खायला येतात, त्यांना मोमो पण आवडतात आणि हे पण.

त्या चारपैकी आता एकच शाखा आहे, तीही संध्याकाळी चायनीज करते.

पण सगळं खापर चवीवर फोडणंही बरोबर नाही. तिस्क-उसगावला माझ्या मामाचं हॉटेल होतं, बेळगाव रस्त्यावर. त्याचं तोणाक आमच्यापेक्षा सरस होतं, हे मी बाबांसमोर कधी बोललो नाही. खाणीचे ट्रक रात्रंदिवस, ड्रायव्हर-क्लीनर रांगेत, मामाने दुसरं हॉटेल पुढे धारबांदोड्याकडे घातलं, तिसऱ्याचं बोलणं चाललेलं. मग सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली. मामाकडे भाजी तीच, पाव तोच, मामा पण तोच, आणि रस्त्यावर ट्रकच नाही. २०१५ ला थोडं सुरू झालं, त्याने परत रंगरंगोटी केली, तोवर मार्च २०१८ मध्ये कोर्टाच्या निकालाने परत बंद. दुसऱ्यांदा त्याने शटर उघडलं नाही. ट्रक बँकेने ओढून नेलेले ड्रायव्हर त्याची उधारी कुठून देणार. आता तिथे मोबाइल रिपेरिंगचं दुकान आहे. तेलसंकटात हायवेवरच्या नारिंगी छपरांचं काय झालं असेल ते मला कोणी समजावायला नको, मामाच्या वहीत मी ते पाहिलेलं आहे.

म्हणून धाकट्याच्या मोपा रस्त्याची मला धास्ती वाटते. एअरपोर्ट जानेवारी २०२३ ला सुरू झाला, टॅक्सी आहेत, गर्दी आहे, मान्य. पण ते एकाच प्रकारचं गिऱ्हाईक, एकाच कारणाने तिथून जाणारं. मांडवीवरचा अटल सेतू झाला तेव्हा म्हापशाहून येणाऱ्या गाड्या पणजीच्या डोक्यावरून निघून जायला लागल्या, उद्या आणखी कुठे फ्लायओव्हर होईल आणि आपलं दुकान त्याच्या सावलीत. फोंड्याला आमच्याकडे बसवाला आहे, मासळी विकणारी आहे, वकील आहे, देवदर्शनवाला आहे, शाळेचा मास्तर आहे. २०२० च्या लॉकडाऊननंतर देवदर्शनवाला वर्षभर आला नाही, मासळीवालीने तगवलं.

जागेचंही आहेच. गोव्यातल्या कितीतरी जुन्या हॉटेलांच्या जागा भाड्याच्या, १९६८ च्या भाडेकायद्याखालच्या, भाडं ऐकलं तर आजची पोरं हसतील. त्या भाड्यावर चाळीस-पन्नास रुपयांची प्लेट परवडते. इमारत मोडकळीला आली, बिल्डर आला, वारसदार सात, की हॉटेल गेलं, भाजी कितीही चांगली असो. शाखा काढायची म्हणजे आजच्या भावाने जागा घ्यायची. धाकट्याने मडगावच्या गाळ्याचं भाडं सांगितलं तेव्हा मी त्याला विचारलं, की एवढ्या भाड्यात सकाळी सातपासून किती मिक्स विकायच्या ते काढ. त्याने काढलं. मग गप्प बसला, आणि मग म्हणाला, "म्हणूनच तर दिवसभर विकायचं म्हणतोय ना!" आलो परत तिथेच.

तो म्हणतो ऑनलाइनवर टाकू. एकदा टाकून बघितलं आम्ही. कमिशन गेल्यावर प्लेटीत काही उरेना ते एक, पण खरं दुःख असं की गरम पाव पिशवीत बांधला की घाम धरतो, घरी पोचेपर्यंत ओला, आणि मग लोक लिहितात पाव शिळा होता. साडेपाचला आलेला पाव शिळा!

एक गोष्ट मात्र मी धाकट्याची मानतो. बाबांच्या वेळी वही होती, ती मी अजून चालवतो, त्याने महिनाभर बसून रोजचा हिशोब मांडला आणि दाखवून दिलं की आमच्याकडे शुक्रवारी सुकी भाजी उरते, आणि सिलिंडर एक जास्त जातो कारण बंब सबंध सकाळ उगाच पेटता असतो. दोन्ही खरं निघालं. कापणारा माणूस लागतोच घरात, हे मला पटलंय. फक्त त्याने रोज खाल्लं पाहिजे. धाकटा सकाळी नऊला उठतो आणि ओट्स खातो.

तर आमचं सध्या असं ठरलंय. मडगावच्या एजंटला त्याने थांबायला सांगितलंय, मी चेनला नाही म्हटलेलं नाही. चतुर्थीपर्यंत त्याने पहाटे यायचं, पोदेराकडून पाव मोजून घ्यायचा, वाटणापाशी उभं राहायचं, आणि अकरा वाजता आलेल्या माणसाला तोणाक संपलंय हे पोरग्याने नाही, त्याने स्वतः सांगायचं. चतुर्थीनंतर शीट परत उघडू. सोमवारी तो सव्वासहाला आला, पोदेर कधीच निघून गेला होता, आणि पाव मोजायचे राहिले म्हणून माझ्यावरच चिडला.